टकटक वकिलाचा पहिला शिक्का

नांदेडच्या कोर्टात येऊन आनंदराज सोनकांबळे वकील कुठे बसतात असं विचाराल तर निम्मे लोक डोकं खाजवतील. टकटक वकील म्हणा, कँटीनमधला पोऱ्यासुद्धा बोट दाखवील. हे नाव कुणी ठेवलं याची फार चौकशी करू नका. कोर्टाच्या आवारात उभं आयुष्य स्टॅम्प विकण्यात गेलेल्या माणसाला लोकांची बारशी करायला भरपूर वेळ असतो, एवढंच सांगतो.

नाव पडलं ते त्याच्या एका सवयीवरून. कुठल्याही खोलीत शिरला की बसायच्या आधी आनंदराज जवळच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकायचा. टक, टक. मग मान जराशी कलती करून उभा राहायचा. चहाचा एक घोट गिळायला लागेल तेवढा वेळ. मग खुर्ची ओढायचा. बँकेत तेच, जज्जसाहेबांच्या चेंबरमध्ये तेच, सासुरवाडीत तेच. त्याची बायको ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, जिभेला धार आहे तिच्या. ती आमच्या घरी माझ्या बायकोला सांगत होती, "काकू, लग्न होऊन घरात पाऊल टाकलं, तर ह्यांनी माझ्याकडं बघायच्या आधी भिंतीकडं बघितलं. मला वाटलं, गवंड्याच्या घरात पडले की काय."

कोर्टातल्या लोकांनी यावर काय काय शोध लावले! एक कारकून म्हणायचा, त्याला जिन लागलाय. दुसरा म्हणायचा, निजामाच्या काळचं पुरलेलं सोनं हुडकतो. मी म्हणायचो, सरकारी ठेकेदारानं प्लास्टरमध्ये सिमेंट किती खाल्लं ते तपासतो, आणि हे मात्र बऱ्याच जणांना पटायचं. त्याचं टेबलही आवारातल्या कडुलिंबाखाली, उघड्यावर. पाऊस आला की सगळे वकील आत पळायचे आणि हा व्हरांड्याच्या अगदी कडेला, अर्धा कोरडा अर्धा ओला, पक्षकाराचं ऐकत बसलेला. ह्याच्याकडं कुणी अशील कसं येतं, असं मला वाटायचं. पण यायचे. ऐकून घेतो, म्हणायचे.

खरं काय ते मला त्यानंच एकदा सांगितलं, तेही मी तिसऱ्यांदा जिनाची चौकशी केल्यावर.

आनंदराज मूळचा किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा चार वर्षांचा होता. त्याची आई महामाया, नीलाबाई नावाच्या लिंगायत बाईच्या घरी उडीद बडवायला रोजानं जायची. गणपती बुडवायचा दिवस होता, कामाला उशीर झाला, म्हणून ती पोराला घेऊन तिथंच ओसरीवर झोपली. आतल्या खोलीत नीलाबाईची मुलगी अयोध्या झोपलेली. नीलाबाई स्वतः गाय का हंबरते ते बघायला गोठ्याकडं गेली आणि तिच्या पाठीमागं घर खाली बसलं. दगडमातीच्या हातहात रुंद भिंती आणि वर मातीचं धाबं. त्याच्याखाली तिघं.

"काका, अंधारात माझ्या हाताला दगड लागत होता," आनंदराज म्हणाला. "मी ठोकलं. पलीकडून कुणीतरी ठोकलं. दोनदा. मी परत ठोकलं. परत आलं. आम्ही लई वेळ तसंच करून राहिलो होतो. मग माझ्या बाजूला उजेड पडला, नीलाअव्वानं मला पायाला धरून ओढलं. मी बाहेर आलो. आणि पलीकडचं…"

मी त्या दिवशी जिनाचं नाव काढलं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

महामाया गेली. अयोध्या गेली. पलीकडून ठोकत होतं ते दोघींतलं कोण, हे त्याला माहीत नव्हतं. आजी सरजाबाईनं त्याला वाढवलं, ती म्हणायची, तुझी आईच होती, दुसरं कोण तुला साद देणार? त्याला ते पटायचं आणि पटायचं नाही. आणि दर वर्षी भूकंपाच्या तारखेला तो किल्लारीला गेला की नीलाबाई त्याला भाकरी वाढायची, समोर बसायची आणि एकच विचारायची.

"आनंद्या, पलीकडं कोन होतं रे?"

"मला न्हाई ठावं, अव्वा."

"बरं. जेव."

लिंगायतांच्या घरात आईला अव्वा म्हणतात. ज्या बाईनं बाहेर ओढलं तिला तोही तेच म्हणायला लागला होता.

आता आमच्या कोर्टातल्या लोकांना ही गोष्ट कळल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला, मीही तोच काढला. पलीकडं महामाया असली तर अयोध्या झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही. पलीकडं अयोध्या असली तर नीलाबाईनं आपल्या पोटच्या पोरीला ठोकत ठेवून दुसऱ्याचं लेकरू काढलं. म्हातारीला काय ऐकायचं असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर अशा या माणसाच्या डोक्यात नोटरी व्हायचं आलं. वकिली करून दहा वर्षं झाली पाहिजेत असा नियम. अनुसूचित जातीच्या वकिलाला आणि बायांना सात. त्याची सात कधीच उलटून गेली होती. सनद, जातीचा दाखला, वकिली चालू असल्याचं बार असोसिएशनचं पत्र, सगळं पोर्टलवर चढवायचं. ते पोर्टल एक फाईल मोठी म्हणून परत करायचं, दुसरी लहान म्हणून. शिवाय एक विनंतीअर्ज, त्यावर पाच जणांच्या सह्या लागतात: एक मॅजिस्ट्रेट, एक सरकारी बँकेचा मॅनेजर, एक व्यापारी, आणि त्या गावातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती.

मॅजिस्ट्रेट आणि मॅनेजर मिळाले. व्यापारी म्हणून गुरुपादप्पा शेटजी, वजिराबादला कापडाचं दुकान. त्यांनी सही करायच्या आधी चष्म्यावरून बघत विचारलं, "वकीलसाब, शिक्का मारायच्या आधी पण भिंत वाजवणार का?"

"भिंत असली तर वाजवीन, शेटजी."

"मग टेबल बाहेरच ठेवा," म्हणत त्यांनी सही ठोकली.

प्रतिष्ठित म्हणून एक निवृत्त हेडमास्तर सापडले आणि दुसरा मी. माझी बायको दोन दिवस घरात मला "प्रतिष्ठित, भाजी आणा" म्हणत होती.

कुजबूजही झाली. ज्याच्याशी भिंती बोलतात त्याच्या हातात सरकारचा गोल शिक्का द्यायचा का, आम्ही हरकत घेऊ, असं दोघे-तिघे चहा पिताना म्हणाले. चहा संपला तशी हरकतही संपली. पण आनंदराजच्या कानावर ते गेलं होतं.

आणि ही बातमी किल्लारीला पोचली. कुणी पोचवली विचारू नका. आमच्याकडं बातमीला जीप लागत नाही. एक दिवस दुपारी लिंबाखाली एक म्हातारी उभी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पायात रबरी चपला, हातात पिशवी. लातूरला एसटी बदलून एकटी आली होती. मी टेबलाजवळच होतो. मी अशा वेळी जवळच असतो.

"आनंद्या, तू शिक्केवाला व्हायलास म्हनं."

"अजून झालो न्हाई, अव्वा. अर्ज केलाय."

"झाल्यावर मला एक लिहून दे. पलीकडं कोन होतं ते. शिक्का मारून."

"अव्वा, मला ठावंच न्हाई तर काय लिहू?"

"शिक्का मारल्यावर ठावं होतंय," म्हातारी म्हणाली. अगदी साधेपणानं, बाजारभाव सांगावा तसं. "माझी अयोध्या आठ वर्सांची होती. मेलेल्यांची नावं लिवायला पत्र्याच्या शेडात साहेब बसला होता, त्यानं सहा लिहिलं आन शिक्का मारला. मी म्हनलं, साहेब, आठ. तो म्हनला, आता झालं. तवापासून ती सहाच वर्सांची हाय. गावातली मान्सं पन सहाच म्हनतात."

मला हसू येणार होतं ते आलं नाही. त्या भागातली माणसं सगळी अशीच तावून निघालेली. कोण मेलं, कोण कुणाचा वारस, नव्या गावात कुणाचं घर कुठं, सगळं शिक्क्यानं ठरलं. देवानं पाडलं आणि शिक्क्यानं उभं केलं, अशी त्यांची पक्की समजूत. म्हातारीनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून टेबलावर ठेवली आणि परतीच्या गाडीला गेली.

ती गेल्यावर आम्ही सगळे आनंदराजला धरून बसलो. मी म्हणालो, "अरे, लिहून टाक की. महामाया होती म्हणून लिही. तुझी आई काय तक्रार करणार आहे? म्हातारी सुखानं डोळे मिटील."

"आणि काका, मी?"

"तू काय?"

"मी रोज खोट्या शिक्क्याखाली बसू?"

ज्योत्स्नाही आमच्याच बाजूची होती. "सगळ्या कोर्टाची खोटी अ‍ॅफिडेव्हिटं तुमच्या डोळ्यांसमोर होतात, ह्या एकालाच नीतिमत्ता?" तिनं सुनावलं.

पुढं मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत काँप्युटरवर, समोर पडद्यावर तीन साहेब लोक. अट एकच: उमेदवार बंद खोलीत एकटा हवा, दार लावलेलं, आवाज नाही, दुसरा माणूस नाही. लिंबाखाली बसून चालणार नव्हतं. त्याच्या घरात पोरं, कोर्टात गोंगाट. शेवटी माझ्या घराची मागची खोली दिली. चांगली आहे, इंटरनेट आहे, एकच खिडकी, ती बंद केली. आनंदराजनं आत जाऊन भिंत वाजवली, उभा राहिला, बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. ज्योत्स्नानं दार ओढून घेतलं.

नियमात खोलीत कुणी नको असं होतं. दाराबाहेर कुणी नको असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी स्टूल घेऊन बसलो, ज्योत्स्ना माझ्या शेजारी.

सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं त्यानं पटापट दिली. प्रमाणपत्र किती वर्षांचं, नूतनीकरण कधी मागायचं, नोंदवहीत काय काय लिहायचं, शिक्का कसा असावा. मग एका बाईंचा आवाज आला. त्यांनी विचारलं, "तुमच्या नांदेडात पडदानशीन महिला बऱ्याच येतात. समजा एक बाई पडद्यामागून बोलली, चेहरा दिसला नाही, फक्त आवाज ऐकू आला. तिचं प्रतिज्ञापत्र तुम्ही साक्षांकित कराल का?"

आनंदराज म्हणाला, "न्हाई मॅडम. तिला ओळखणारी बाई आत पाठवीन, चेहऱ्याची खात्री करून घेईन. नुसतं ऐकून…"

आणि तिथं तो थांबला.

कारण भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. टक, टक. मी ऐकला. ज्योत्स्नानं माझं मनगट धरलं, म्हणजे तिनंही ऐकला. मागच्या भिंतीकडून, शेजारच्या घराच्या बाजूनं.

आत खुर्ची सरकली. मग आतून दोनदा ठोकलं, टक, टक. आनंदराजनं.

"मिस्टर सोनकांबळे," बाई म्हणाल्या, "तिथं कोण आहे?"

"माहीत नाही, मॅडम."

"तुम्ही आत्ता कुणाला तरी उत्तर दिलं."

"हो. पण कोण आहे ते माहीत नाही. माहीत नसताना कुणाचं नाव सांगता येणार नाही."

मग कुणीतरी खाकरलं आणि दुसऱ्या साहेबांनी फीच्या नियमावर प्रश्न विचारला.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. कुणीच त्या आवाजाबद्दल बोललं नाही. चहा पिऊन ती दोघं गेली आणि मी शेजाऱ्याला जाब विचारायला निघालो, भर दुपारी खिळे कसले ठोकता म्हणून. त्याच्या दाराला कुलूप होतं. सगळं घर लग्नाला धर्माबादला गेलं होतं, दोन दिवस झाले होते. मी कुलूप हलवून बघितलं. ही गोष्ट मी सगळ्या नांदेडला सांगितली, फक्त आनंदराजला सांगितली नाही.

नियुक्ती झाली. बऱ्याच महिन्यांनी प्रमाणपत्र आलं, गोल शिक्का तयार होऊन आला. लिंबाखालच्या टेबलाला पाटी लागली. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक कोण येणार यावर आम्ही पैजा लावत होतो, आणि नीलाबाई आली.

ती खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर. "लिही," म्हणाली.

आम्ही सगळे बघत होतो. महामाया लिही, महामाया लिही, असं मी डोळ्यांनी सांगत होतो.

"अव्वा," आनंदराज म्हणाला, "मी सांगतो ते नीट ऐक. हा शिक्का माझ्या बोलण्यावर मारता येत न्हाई. नोटरी स्वतःची साक्ष स्वतः घेत न्हाई. समोरचा माणूस शपथेवर सांगतो, मी ते लिहून घेतो, वाचून दाखवतो, आणि हा माणूस माझ्यासमोर आला आणि हे बोलला, एवढ्यावर शिक्का. खरं-खोटं त्या माणसाचं. माझं न्हाई."

म्हातारीला ते समजायला वेळ लागला. "मंग त्या शेडातल्या साहेबानं?"

"त्यानं तुला विचारायला पायजे होतं."

म्हातारीनं मांडीवरची पिशवी सरळ केली.

"मला तू इतकी वर्सं विचारतेस," तो म्हणाला. "मी चार वर्सांचा होतो, आत होतो. तू बाहेर होतीस. तुला काय ऐकू आलं, ते तुला कधी कुणी विचारलं का?"

"न्हाई."

"सांगायचं का? नसंल तर जाऊ दे. मी दुसऱ्या नोटरीकडं घेऊन जातो, माझ्यापुढं अवघड होत असंल तर."

"दुसऱ्याला काय सांगू?" म्हातारी म्हणाली, आणि तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मी तिथून उठायला हवं होतं. उठलो नाही.

"दोन्हीकडनं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "एक अलीकडनं, एक पलीकडनं. अलीकडचे दगड निघत होते. पलीकडं मोठी तुळई आडवी. मी पलीकडं तोंड करून वरडले, थांब, येते. तिकडनं ठोकलं. म्हंजी ऐकलं. मी अलीकडचं काढत राहिले. परत ठोकलं. मी परत म्हनलं, थांब गं, आले. थांब गं म्हनले. बाईच होती एवढं ठावं होतं मला. मंग तुझा पाय दिसला. तुला ओढलं आन जमीन परत हालली. धुरळा बसल्यावर पलीकडनं काय न्हाई."

आनंदराजनं कोरा कागद पुढं ओढला.

"मी तिला थांब म्हनले आन गेले न्हाई. ती थांबून बसली आसंल. एवढंच लिही. अयोध्या का महामाया ते लिवू नको. मला ठावं न्हाई. मी तुला विचारत होते, तुला ठावं असंल म्हनून. तुला पन न्हाई तर न्हाई."

इतकी वर्षं आम्ही सगळे शहाणे समजत होतो की तिला एक नाव पाहिजे. तिला सांगायचं होतं आणि सांगायला कुणी विचारत नव्हतं, म्हणून ती उलट विचारत होती.

आनंदराजनं स्वतःच्या हातानं लिहिलं. टायपिस्टकडं दिलं नाही. मग वाचून दाखवलं, हळूहळू, तिच्याच शब्दांत. "थांब, येते" पर्यंत आला आणि मागं गेला. पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही सांगितलं ते बरोबर लिहिलंय का?" तिला अहो-जाहो करत त्यानं विचारलं. नियमाची भाषा.

"हाव."

"अयोध्येचं वय लिहायचं का?"

"आठ," म्हातारी म्हणाली. "आठ लिही."

तिला ओळखणारा कुणी हवा होता, तेव्हा ज्योत्स्नाला शाळेतून बोलावून घेतलं. तिनं सही केली आणि नाक पुसत उभी राहिली. नीलाबाईनं अंगठा उठवला. आनंदराजनं तिकीट चिकटवलं, शिक्का शाईत बुडवला आणि हात वरच धरून थांबला. मला वाटलं आता हा उठून भिंत शोधतो. मग शिक्का खाली आला. फार जोरात नाही.

त्यानं कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला, शिक्क्याची ओली शाई करंगळीनं हलकेच चाचपली.

"आनंद्या, आसं अजून एक कर."

"दुसरं कशाला, अव्वा? हे जपून ठेव, पुरतंय."

"मला एक, तुला एक," ती म्हणाली. "पलीकडं तुझी माय आसली तर? तिला पन मीच थांब म्हनले की."

आनंदराजनं नवा कागद ओढला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.